सासूबाईंचा वाणी, यजमानांचं डीमार्ट आणि तुमचा मोबाइल

प्रश्न : ताई, आम्ही दीड वर्षापूर्वी नौपाड्यातून कासारवडवलीला राहायला आलो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी ऐरोलीला नोकरी करते, हे वागळे इस्टेटला. किराण्यावरून घरात सारखी कटकट चालते. सासूबाईंना नौपाड्यातल्या त्यांच्या वाण्याशिवाय डाळ-तांदूळ पटत नाही, रिक्षा करून तिकडे जातात. ह्यांच्या मते डीमार्टइतकं स्वस्त कुठेच नाही, म्हणून दर रविवारी सगळ्यांची वरात तिकडे. मी रात्री दमून आले की जे संपलं असेल ते मोबाइलवरून मागवते. ऑफिसातली मैत्रीण रिलायन्स स्मार्टचं नाव घेते, शेजारच्या काकू म्हणतात वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातून पोतं आणा. गेल्या महिन्यात सगळं मिळून १९,३५० रुपये गेले. बिलांचे फोटो सोबत जोडते. खरंच स्वस्त कुठे ते एकच ठिकाण सांगा, म्हणजे वाद मिटेल.

ता. क. : मागच्या रविवारी एका दुकानात फळीवरच्या पाटीवर एक दर होता आणि बिलात दहा रुपये जास्त लागले. मी बोलले तर हे म्हणाले, दहा रुपयांसाठी रांग कशाला अडवतेस. माझं चुकलं का?

— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, पण सोबत बिलं पाठवणारी माणसं फार थोडी. बिलं आली की अर्धं उत्तर त्यातच असतं. मी ती चहा घेत सावकाश वाचली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. एकच दुकान मी सांगणार नाही. का, ते बिलांतूनच दाखवते.

रविवारच्या चारही बिलांची बेरीज ९,४०० रुपये. त्यात खायचं-प्यायचं आणि साबण-पावडर धरून साधारण ५,७०० रुपयांचं सामान आहे. उरलेल्या ३,७०० रुपयांत दोन टी-शर्ट, प्लॅस्टिकच्या डब्यांचा सेट, दोन पायपुसणी, एक फरशी पुसायचा मॉप, मुलांची कंपासपेटी आणि एक तवा. तवा बहुधा लागत असेल, मॉपबद्दल मला शंका आहे. मोबाइलवरच्या ऑर्डरी २३, त्यांचे ६,८५० रुपये. त्यात डिलिव्हरी, हँडलिंग आणि तत्सम आकार मिळून ५४० रुपये, आणि आइस्क्रीम, वेफर्स, थंड पेयं १,९०० रुपयांची. आता सासूबाईंच्या वाण्याचं बिल : ३,१०० रुपये. तूरडाळ, कोलम, जाडे पोहे, वरई, धणे-जिरे, भाजणीचं धान्य. एकही जिन्नस असा नाही जो घरात पडून राहील.

म्हणजे ज्या दुकानावरून घरात सगळ्यात जास्त बोललं जातं, त्याचंच बिल सगळ्यात स्वच्छ आहे. हे मी सासूबाईंची बाजू घेऊन म्हणत नाही, आकडे तसे आहेत. तुमचा वाद चाललाय तूरडाळ किलोमागे आठ-दहा रुपये इकडे की तिकडे यावर, आणि पैसे जातायत भलत्याच दाराने.

आता यजमानांचं डीमार्ट. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तिथे दर कमी असतात आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पहिलं दुकान पवईला २००२ साली निघालं, आणि तेव्हापासूनची पद्धत अशी की शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यायची. भाडं नाही, म्हणजे दरमहाचा मोठा खर्च वाचला. एकाच वस्तूचे दहा प्रकार ठेवायचे नाहीत. जे खपतं तेच ठेवायचं, भरपूर ठेवायचं. कंपन्यांचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात खरेदीत सूट घ्यायची. दुकानात झगमगाट नाही. सेलचा दणका उडवून द्यायचा आणि मग दर वाढवायचे, तसंही करत नाहीत. बाराही महिने एमआरपीपेक्षा थोडं खाली. तुमचे यजमान रोज ज्या वागळे इस्टेटला जातात, तिथेच त्यांचं कॉर्पोरेट ऑफिसही आहे.

पण त्याच दुकानाच्या विक्रीत जवळजवळ पाव हिस्सा कपडे, भांडी, प्लॅस्टिक आणि घरगुती वस्तूंचा असतो, आणि डाळ-साखरेपेक्षा त्यावर नफा बरा सुटतो. साखर स्वस्त द्यायची आणि बाहेर पडताना हातात टी-शर्ट असेल अशी मांडणी करायची, यात लबाडी काही नाही, तो धंदा आहे. तुम्ही पाच जण रविवारी संध्याकाळी तिथे जाता तेव्हा मुलांना ती सहल वाटते, यजमानांना वाटतं आपण पैसे वाचवतोय, आणि ट्रॉली आपोआप भरते. म्हणून तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एकदाच जा, रविवारी नको आणि पाच जणांनी तर नकोच. घोडबंदरची रविवारची गर्दी, मेट्रोच्या कामाने अडलेले रस्ते आणि बिलिंगची रांग, यात तुमची अख्खी सुट्टी जाते. यजमानांनी एखाद्या आडवारी ऑफिसातून सुटल्यावर किंवा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एकट्याने यादी घेऊन जावं. यादीत एवढंच : तेल, साखर, मीठ, चहा, बिस्किटं, साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, फिनेल. थोडक्यात, ज्याच्यावर एमआरपी छापलेली असते आणि जे कुठूनही घेतलं तरी तेच असतं. अशा मालात वाणी आणि डीमार्ट यांची बरोबरी होऊच शकत नाही. वाण्याला तेवढी सूट परवडणार नाही, त्याच्याकडून ती मागूही नका.

हा माल घेताना पाकिटावरचा एक बारीक आकडा वाचायची सवय लावा. एमआरपीच्या आसपास ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, वजनमापाच्या नियमांनुसार तो छापावाच लागतो. किलोपेक्षा कमी वजनाचं पाकीट असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर किलोला. समजा अर्ध्या किलोच्या पुड्यावर ग्रॅमला ०.४२ रुपये लिहिलंय, म्हणजे किलोला ४२० झाले. आणि शेजारी ‘फॅमिली पॅक’ म्हणून किलोचा पुडा ४३० ला आहे. मोठा पुडा स्वस्तच असणार, या भरवशावर आपण तोच उचलतो. दहा रुपयांच्या पुड्यांत तर किंमत तीच राहते आणि वजन गुपचूप घटतं. तेलाचंही पाहा. एक लिटर रिफाइंड तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण हल्ली ८५०, ८०० आणि ७५० ग्रॅमच्याही पिशव्या निघाल्यात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. ‘ह्या ब्रँडचं तेल दहा रुपयांनी स्वस्त’ असं यजमान म्हणतील तेव्हा पिशवी उलटी करून ग्रॅम बघायला सांगा.

जुनी बिलं काढून तुलना करायचा विचार असेल तर २२ सप्टेंबर २०२५ नंतरचीच घ्या. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर. त्याआधीच्या बिलाशी ताडून ‘अमुक दुकान स्वस्त झालं’ असा निष्कर्ष काढलात तर श्रेय भलत्यालाच जाईल.

सुट्टा माल हे वेगळंच प्रकरण आहे आणि इथे मी सरळ सासूबाईंच्या बाजूची. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. वाणी पोत्यातून काढून मोजून देतो त्यावर लागत नाही. २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्यालाही नाही. २६ किलो अशा विचित्र वजनाची पोती बाजारात आली ती त्याचमुळे. तेवढ्याने वाण्याचा माल आपोआप पाच टक्के स्वस्त होतो असं नाही, कारण त्याची खरेदी छोटी असते आणि महागही पडते. पण दर जवळपास येतात. मग प्रश्न उरतो मालाचा, आणि तो नजरेने आणि हाताने ठरतो. तूरडाळ मुठीत घेऊन बघायची, नाकाशी न्यायची, दाणा भरलेला आहे की चपटा, तेल लावून चकचकीत केलेली आहे की कोरडी. तांदूळ जुना की नवा, हे पारदर्शक पिशवीतून नीट कळत नाही. वाण्याला विचारलं की तो सांगतो, आणि खोटं सांगितलं तर पुढच्या महिन्यात सासूबाई त्याच्यासमोर उभ्या राहणार हे त्याला माहीत असतं.

कोलमचंच घ्या. वाडा तालुका २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, मग पालघरमध्ये गेला. तिथल्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या तांदळाचं. आता ‘वाडा कोलम’ असं छापलेल्या पिशव्या जिकडेतिकडे दिसतात, आणि एवढा तांदूळ एकट्या वाडा तालुक्यात पिकणं शक्य नाही हे शेतीतलं काही न कळणाऱ्यालाही कळेल. सासूबाई तिथे बसून चार दाणे चावून बघतात, ती चाचणी कुठल्याही लेबलापेक्षा मी जास्त मानेन.

एक गोष्ट मात्र वाण्याकडेही बघा : काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी होते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. काटा शून्यावर आहे का, हे पिशवी ठेवण्याआधी बघितलं तर कुणाचा अपमान होत नाही.

मैत्रिणीच्या रिलायन्स स्मार्टबद्दल थोडक्यात. तिथे सेलचं गणित जास्त चालतं, ‘फुल पैसा वसूल’सारखे सेल बहुधा महिन्याच्या सुरुवातीला, पगार हातात आल्या आल्या लागतात. त्या चार दिवसांत तेल, कपड्यांची पावडर किंवा सुकामेवा खरोखर खाली येतो. ‘एकावर एक’ पाहून उड्या मारू नका. दोन नग खपतील का, एवढंच बघा. घराच्या वाटेवर असेल तर जा, मुद्दाम वाट वाकडी करू नका. कार्डावरच्या पॉइंट्ससाठी तर मुळीच नको. तुम्हाला विवियाना मॉलमधलं आणि वाशीच्या इनऑर्बिटमधलं हायपरसिटी सुपरमार्केट आठवत असेल. ते २०१७ मध्ये फ्यूचर ग्रुपने घेतलं, आणि २०२२ मध्ये फ्यूचरच्याच बिग बझारच्या जागा रिलायन्सकडे जाऊन तिथे स्मार्ट बझारच्या पाट्या लागल्या. पाच-सहा वर्षांत दुकानाचं नाव बदलतं, मालक बदलतो. आपण निष्ठा कुणाशी ठेवायची?

शेजारच्या काकूंच्या एपीएमसीवर मात्र जरा थांबते. मला तो बाजार मनापासून आवडतो आणि तरीही तुम्हाला दर महिन्याला जा असं मी सांगणार नाही. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने हलवून वाशीशेजारी तुर्भ्याला वसवले. भाजी आणि फळांचा बाजार १९९६ मध्ये आला. आता कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार शेजारी शेजारी आहेत. धान्य बाजारात व्यवहार पोत्यांचा चालतो. पाच माणसांच्या घरात गव्हाचं पन्नास किलोचं पोतं ठेवणार कुठे? पावसाळ्यात घोडबंदरच्या दमट हवेत डाळीला किडे लागले की घाऊक दराचा फायदा गेलाच म्हणून समजा. रवा, बेसन, मैदा तर जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरताच आणा, कुठूनही.

पण वर्षातून एकदा तिथे जायलाच हवं, आणि ते मसाला बाजारात, मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत. बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, काश्मिरी थोडी. धणे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, खसखस सगळं एका गल्लीत. पाकिटातल्या मसाल्याशी दराची तुलना करू नका, वासाची करा. तुमच्या मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून यादी केली तर व्यापारी घाऊकच्या जवळचा दर देतो, आणि सुकामेवाही तिथेच दिवाळीआधी घेता येतो. तुम्ही ऐरोलीला असताच. ट्रान्स हार्बर लोकलने रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि चौथं स्टेशन तुर्भे. अर्धा दिवस रजा टाका आणि सासूबाईंना बरोबर न्या. मिरची निवडताना तुम्ही नुसती पिशवी धरा, बोलायचं काम त्यांना करू द्या. रविवारी मात्र मसाला आणि धान्य बाजार बंद असतात, त्यामुळे यजमानांचा सहलीचा बेत तिथे जमायचा नाही.

आता तुमच्या मोबाइलकडे येते. ह्यावर मी तुम्हाला रागावणार नाही. ऐरोलीहून रात्री आठला घरी पोचणारी बाई दही संपलं म्हणून पुन्हा खाली उतरणार नाही, उतरूही नये. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट ही सोय आहे आणि सोयीला पैसे पडतात, इथवर ठीकच. पण तुमच्या २३ ऑर्डरींतल्या नऊ ऑर्डरी रात्री दहानंतरच्या आहेत, आणि त्या नऊंत दही-दूध-कोथिंबीर जेमतेम तीनदा. बाकी आइस्क्रीम आणि वेफर्स. छोट्या ऑर्डरीला वेगळा आकार, पावसात वेगळा, गर्दीच्या वेळी वेगळा. शिवाय ‘आणखी इतक्याचं घ्या, डिलिव्हरी फुकट’ ही सूचना येते तेव्हा आपण वीस-पंचवीस रुपये वाचवायला शंभरची वस्तू टाकतो. एक व्यवस्था करून बघा. स्वयंपाकघरात फ्रिजवर कागद लावा, संपत आलेलं ज्याला दिसेल त्याने लिहायचं, आणि मागवायचं आठवड्यातून दोनदाच, बुधवार आणि शनिवार. मधे काही संपलं तर सोसायटीच्या गेटाबाहेरचं दुकान आहेच. मोठ्या मुलाला पाठवा. त्याला सुट्टे पैसे मोजता येतात का, हेही त्यानिमित्ताने कळेल. मी शिकवणीतल्या मुलांना विचारते, बहुतेकांना येत नाही.

भाजीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणजे ती बहुधा दारावरच्या गाडीवरून येते. तशीच येऊ द्या. सुपरमार्केटातल्या पालेभाजीवर पाण्याचे फवारे मारलेले असतात, वजनही त्या पाण्यासकट होतं. तुमच्या बाजूला राज्याच्या पणन मंडळाच्या योजनेतला शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरतो का, तेवढी चौकशी करा. भरत असेल तर कांदे-बटाटे-टोमॅटो आठवड्याचे तिथूनच आणा. सासूबाई जांभळी नाक्याची आठवण काढत असतील, तर काढू द्या. पहाटे जांभळी नाक्याला उतरलेल्या भाजीसारखी भाजी घोडबंदरला मिळत नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यासाठी रोज तिकडे जाता येत नाही हे त्यांनाही कळतं.

आणि आता त्या रिक्षाबद्दल, कारण पत्रातला खरा सल तोच दिसतो. कासारवडवली ते नौपाडा मीटरने एका बाजूचे दीडशे-पावणेदोनशे होतात. जाऊन-येऊन साडेतीनशे. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण घरात हा आकडा कुणीतरी बोलून दाखवला असणार. माझं ऐका, तो खर्च किराण्यात धरू नका. ज्या बाईने सगळा संसार नौपाड्यात केला, गोखले रोडवर चालताना जिला दर दहा पावलांवर कुणी ना कुणी हाक मारायचं, ती तेविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी असते. वाण्याकडे ती डाळ आणायला जाते असं तुम्हाला वाटतं. तिथे तिला स्टूल दिलं जातं, नातवंडांची चौकशी होते, परतताना एखादी जुनी शेजारीण भेटते. ते साडेतीनशे रुपये औषधपाण्याच्या खात्यात टाका. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जाताना टीएमटीची बस आणि येताना सामान असल्यामुळे रिक्षा. यादी त्यांची : डाळी, तांदूळ, पोहे, वरई, साबुदाणा, सुटे मसाले, भाजणीचं धान्य. गहूही तिथूनच, दुकानदार पोच करत असेल तर. साबणाची वडी तिथून आणायची नाही, एवढं मात्र त्यांनाही सांगा. गोड शब्दांत.

याच संदर्भात एक गोष्ट सुचवते, कारण तुमच्या भागात नव्या सोसायट्या झपाट्याने उभ्या राहतायत आणि कुणी कुणाला ओळखत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीचं नाव सासूबाईंना विचारा, नौपाड्यातल्या त्यांच्या पिढीला ते नक्की माहीत असेल. १९७५ पासून ही संस्था मुंबई-ठाण्यात किराणा वाटपाचं काम करते, बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक चळवळीतून ती उभी राहिली. पद्धत अशी : शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, प्रत्येक घर आपलं मागणीपत्रक आधी भरून देतं, महिन्यातून एकदा सगळा माल एका सभासदाच्या घरी येऊन पडतो आणि सभासदच तो यादीप्रमाणे वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, म्हणून दर वाजवी. माल आधी तपासलेला. अडचण एवढीच की महिन्याभराची गरज आधी नीट ठरवावी लागते, आणि वाटपाच्या दिवशी कुणाला तरी घरी असावं लागतं. नोकरी करणाऱ्या बायकांना हीच गोष्ट जड जाते. तुमच्या घरी मात्र एक व्यक्ती दिवसभर असते, तिला डाळीतलं कळतं, हिशेबातलं कळतं आणि बोलायला माणसं हवी आहेत. तुमच्या इमारतीत असा संघ निघाला तर तो कुणी चालवावा हे मी सांगायला नको. मात्र हे त्यांच्यावर लादू नका. जेवताना सहज विषय काढा आणि त्या काय म्हणतात ते बघा. नाही म्हणाल्या तर नाही.

एवढं सगळं केल्यावर पैसे किती वाचतील, हे तुम्ही विचारालच. तुमच्याच बिलांवरून बघा. डीमार्टच्या बिलातले किराणा नसलेले ३,७०० रुपये, मोबाइलवरचे आकार ५४० आणि खाऊ १,९००, हे मिळून ६,१४० होतात. त्यातलं सगळं काही वाचणार नाही. मुलं आहेत, आइस्क्रीम येणारच, टी-शर्ट फाटणारच. तरी निम्मं वाचलं तर तीन हजार रुपये. दुकान बदलून, डाळीचे दर घासून हा आकडा कधीच गाठता आला नसता. तीन महिने असं करा आणि मला पुन्हा बिलं पाठवा, मॉपसकट.

आता ता. क. तुमचं चुकलं नाही. फळीवर लिहिलेला दर एक आणि बिलात दुसरा, हे मोठ्या दुकानांत होतं. बहुतेक वेळा संगणकात दर बदललेला असतो आणि पाटी जुनीच राहते. मात्र त्यासाठी कॅश काउंटरवर थांबू नका, तिथल्या मुलाच्या हातात काही नसतं आणि मागचे लोक तुमच्यावरच चिडतात. पाटी बघतानाच शंका आली तर मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. बिल झाल्यावर बाहेर पडायच्या आधी ग्राहक मदत काउंटरवर फोटो आणि बिल दाखवा. बहुतेक ठिकाणी फरक लगेच परत देतात. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर तो गुन्हाच आहे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. पिशवीचंही तसंच. पिशवीचे पैसे लागतील हे आधी न सांगता बिलात लावले तर ते काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. गाडीच्या डिकीत चार कापडी पिशव्या टाकून ठेवल्या तर ती वेळच येणार नाही. आणि यजमान पुन्हा रांगेचं काही बोलले, तर बिल त्यांच्याच हातात द्या आणि मदत काउंटरवर त्यांनाच पाठवा.